दाजींचा पंप मी वाढवला

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं डिझेल पंपाचं दुकान होतं. डिझेल पंप म्हणजे रस्त्याकडेला गाड्यांत तेल भरतात तो नव्हे. हा गैरसमज लोक आजही करतात आणि मी आजही चिडतो. ट्रकच्या इंजिनाला प्रत्येक ठोक्याला डिझेल मोजून देणारा एक पंप इंजिनाच्या कुशीला बसवलेला असतो. तो खोलून माझ्याकडे यायचा. मी तो टेस्ट बेंचवर चढवायचो, समोरच्या सहा काचेच्या नळ्यांत किती तेल पडतंय ते डोळ्यानं वाचायचो आणि सहाही नळ्या एका पातळीला येईपर्यंत स्क्रू फिरवत बसायचो. माझी पंचवीस वर्षं या सहा नळ्यांकडे बघण्यात गेली. बायको म्हणायची, एवढं एकटक माझ्याकडे कधी बघितलं नाही. तिचं खरं होतं, पण नळ्या उलट बोलत नव्हत्या.

नव्वदीच्या मध्याला आमच्याकडे टर्बोचे ट्रक दिसायला लागले. टर्बो म्हणजे दोन चक्रं आणि एक दांडा. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एका चक्राला फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र इंजिनात हवा कोंबतं. हवा जास्त गेली की डिझेल जास्त जाळता येतं, आणि डिझेल जास्त जळलं की ताकद वाढते. एवढं साधं आहे. पण लोकांना तो चमत्कार वाटायचा. गाडीच्या मागं पोरांची नावं रंगवायची ते सोडून लोक 'टर्बो' रंगवून घ्यायला लागले. आणि दोन-चार महिन्यांत त्यांना तीही ताकद कमी पडायला लागायची. मग माझ्या दारात गाडी उभी करून म्हणायचे, "मिस्त्री, पंप वाढवून द्या."

पंप वाढवणं म्हणजे कंपनीनं बांधून दिलेली डिझेलची मर्यादा वर सरकवणं. त्यासाठी एक स्क्रू असतो. त्याला बारीक तार ओवून शिशाचं सील मारलेलं असतं, म्हणजे कुणी हात लावू नये. मी हात लावायचो. सील कापायचो, स्क्रू फिरवायचो आणि माझ्या पकडीनं नवं सील मारून द्यायचो. या कामात माझा हात बसला होता, हे सांगायला मला लाज वाटत नाही. गडहिंग्लजपासून गाड्या यायच्या.

पण स्क्रू फिरवण्याआधी मी भाषण करायचो. फुकट भाषण, आणि आवाज चढवून. शेजारचे दुकानदार आपापलं काम थांबवून ऐकायचे.

"ताकद पायजे? देतो. पण इंजनात कुणी जादाची ताकद लपवून ठेवलेली न्हाय. डिझेल वाढलं की उष्णता वाढती. ती पिस्टनला सोसाय पायजे, हेडला सोसाय पायजे, गॅस्केटला सोसाय पायजे. क्लचप्लेट हाय तीच हाय, ती लवकर जाणार. आनि ब्रेक काय मी वाढवून देत न्हाय. चढताना पळशील, उतरताना कोण धरणार तुला? काळा धूर दिसला की पाय काढायचा. आनि घाट चढून आल्याबरोबर इंजन बंद करायचं न्हाय. टर्बो लालभडक असतो. दोन-तीन मिनटं नुसतं चालू ठिव, बेण्या, मग बंद कर!"

तो 'बेण्या' महत्त्वाचा होता. त्याशिवाय ड्रायव्हरच्या डोक्यात काही राहत नाही, असं माझं मत होतं. नुसतं समजावून सांगितलेलं माणूस उंबरा ओलांडेपर्यंत विसरतो, शिवी घालून सांगितलेलं त्याला वर्षभर आठवतं. त्यामुळे माझ्याकडून पंप वाढवून नेलेल्या गाड्या फारशा परत आल्या नाहीत. निदान टर्बोसाठी तरी आल्या नाहीत. एक गाडी सोडून.

ती गाडी आमच्या दाजींची होती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. उचगावात राहायचे. स्वतःची एक गाडी, स्वतःच चालवायचे. कोल्हापुरातून गूळ, भाजी, जे मिळेल ते भरून घाट उतरायचे आणि येताना कोकणातून जांभ्याचे चिरे भरून करूळचा घाट चढून गगनबावड्याला यायचे. आमच्याकडे त्या काळी जी घरं उठली, त्यातल्या कित्येकांचे चिरे दाजींच्या गाडीतून आले असतील. बोलायला मवाळ माणूस. ट्रक ड्रायव्हर असून त्यांच्या तोंडून मी कधी वावगा शब्द ऐकला नव्हता. चालवायला बसताना पांढरा शर्ट घालायचे, आणि गाडी खाली करून आले तरी तो बऱ्यापैकी पांढरा असायचा.

आता आमच्या घरात दाजी या नात्याचा काय थाट होता, ते सांगायला हवं. आमचे वडील माझ्यापेक्षा तापट. पण जावई दारात आला की त्यांचा आवाज खाली यायचा. दाजी आले की उठायचं, पाणी द्यायचं, खुर्ची सरकवायची. ते जे बोलतील त्याला हूं म्हणायचं. ते चुकलेत असं वाटलं तर आत जाऊन आईला सांगायचं, आणि आईनंही ते कुणाला सांगायचं नाही. दाजींना काही शिकवायचं नाही, हा घरचा नियम होता. वडील गेले, पण नियम राहिला. माझं दुकान मोठं झालं, हाताला नाव झालं, तरी दाजी दुकानात आले की मी हात पुसून उभा राहायचो.

जुनी गाडी देऊन दाजींनी टर्बोची गाडी घेतली. वर्षभर खूश होते. मग एक दिवस दुकानात आले, खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि इकडं तिकडं बघत म्हणाले, "पावणं, आमची गाडी घाटात मागं ऱ्हाती की."

मला प्रकार माहीत होता. घाटात त्यांना मागं टाकून जाणाऱ्या गाड्या मीच वाढवलेल्या होत्या. ते ड्रायव्हर पुढं जाताना खिडकीतून हात बाहेर काढून दाजींना टाटा करायचे, हेही माझ्या कानावर आलं होतं. गावभर सांगायचं मेव्हणा पंपातला मोठा मिस्त्री, आणि स्वतःची गाडी पहिल्या गिअरवर रांगत चढवायची. माणसाला लागणारच.

"मग सांगायचं न्हाय व्हय दाजी! उद्याच पंप काढू," मी म्हणालो.

त्या पंपावर मी जेवढा जीव लावला तेवढा दुसऱ्या कुठल्याच पंपावर लावला नसेल. सील कापलं. डिझेल वाढवलं, आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वाढवलं. टर्बोची हवा जशी वाढेल तसं डिझेल वाढवणारं एक स्प्रिंग असतं, तेही हलकं केलं, म्हणजे चढाला गाडी लगेच उचल खाईल. सहाही नळ्या केसाचा फरक न राहता एका रेषेत आणल्या. खरं सांगायचं तर हे मी दाजींसाठी कमी आणि त्या टाटा करणाऱ्यांना दाखवायला जास्त केलं. माझ्या दाजींना माझ्याच गाड्यांनी मागं टाकायचं, ही मला माझीच बेअब्रू वाटत होती.

पंप बसवून गाडी चालू केली. आवाज ऐकूनच दाजींचा चेहरा फुलला. त्यांनी विचारलं, "आता आनि काय बघायचं काय हिच्यात?"

हे त्यांनी स्वतःहून विचारलं होतं. नियमात बसत होतं. मी भाषण करू शकलो असतो. पण ते भाषण मला शिवीशिवाय येतच नव्हतं, आणि दाजींपुढं खुर्चीजवळ उभं राहून 'असं करू नका, तसं करू नका' म्हणायला जीभ उचलेना. मनात म्हटलं, एवढी वर्षं गाडी चालवतात, त्यांना माहीत नसेल काय. मी म्हणालो, "काय न्हाय दाजी. तुमी बिनधास्त चालवा." आणि चहा सांगितला.

पुढचे काही महिने माझे फार मानाचे गेले. दाजी कोकणातून फणस आणायचे, आमसुलं आणायचे. गाडी आता घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढते म्हणून सांगायचे. उचगावच्या कट्ट्यावर माझी कीर्ती झाली. आक्का मला जेवायला बोलावून पांढरा-तांबडा रस्सा पुढ्यात ठेवायची आणि म्हणायची, "तुझ्या दाजींचं वय धा वर्सानं कमी केलास बघ."

मग टर्बो गेला. गाडी निळा धूर ओकायला लागली, ताकद गेली. खोलून बघितलं तर दांडा खुळखुळा झालेला, आतली बेअरिंग खलास. असतो एखादा माल खराब, असं म्हणून नवा बसवला. टर्बो ही काही स्वस्तातली वस्तू नव्हे, पण दाजी चकार शब्द बोलले नाहीत.

दुसरा त्याच्या निम्म्या वेळात गेला.

आता माझं डोकं फिरलं. बाकी इतक्या गाड्या मी वाढवल्या, त्यांचे टर्बो ठणठणीत, आणि घरच्याच गाडीचे का जावेत? मी पंप पुन्हा बेंचवर चढवला. सहा नळ्या एका रेषेत. माझ्या कामात खोट नव्हती, म्हणजे खोट दुसरीकडं असणार. कुठं, ते मी ठरवूनही टाकलं. दुकानात चार माणसं बसलेली असताना मी बोलून गेलो, "आमचं दाजी इंजिन ऑइलात काटकसर करतात. घाण तेलावर टर्बो कसा टिकंल?"

उद्यमनगरात केलेलं बोलणं उचगावला पोचायला वेळ लागत नाही. तिसऱ्या दिवशी दाजींची गाडी दुकानासमोर उभी राहिली. मी हात पुसून उभा राहिलो. दाजी खुर्चीत बसले नाहीत, पाणीही घेतलं नाही. त्यांनी इंजिनातली तेल मोजायची पट्टी उपसून काढली आणि आपल्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर पुसली. बाही माझ्यासमोर धरली. डाग मधासारखा स्वच्छ होता.

"बघा पावणं," ते म्हणाले. "तेल मी येळच्या आधी बदलतो. तुमच्या बापाची लेक माझ्या घरात हाय, मी काटकसर कुठं करायची आनि कुठं न्हाय ते मला कळतं."

ते पुढं शांतपणे म्हणाले, "हा तिसरा बसवतोय. ह्यो गेला तर गाडी इकणार. मग दुसऱ्याच्या गाडीवर डायवर म्हणून बशीन. तुमाला दोष देत न्हाय मी." आणि गेले. दोष देत नाही हे ज्या आवाजात म्हणाले, त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी आक्का रिक्षा करून दुकानात आली. लग्नानंतर ती दुकानात कधी आलेली नव्हती. बसली नाही. म्हणाली, "तुझ्या हाताची चूक असंल तर कबूल कर. त्यांची असंल तर त्यांना सांग. पर मागनं बोलू नको. त्यो माणूस दुसऱ्याच्या गाडीवर बसला तर जगंल का?"

जगतील की, न जगायला काय झालं, असं मी म्हणालो नाही. कारण तिचा प्रश्न मला कळला होता. दुसऱ्याची गाडी म्हणजे दुसऱ्याचा हुकूम. पन्नाशीला आलेला, कुणाचं एक न ऐकून घेतलेला मवाळ माणूस कुणाच्या तरी पोराच्या 'ए ड्रायव्हर'ला वळून बघणार. आणि तिथपर्यंत त्यांना मी आणलं होतं.

माझ्या दुकानाला लागून एका चाचांचं लेथचं दुकान होतं. बारीक कामात त्यांचा हात धरणारा कोल्हापुरात नव्हता. मी दाजींचा दुसरा मेलेला टर्बो त्यांच्यापुढं टाकला आणि म्हणालो, "चाचा, हा कशानं मेला ते सांगा."

चाचांनी तो मधोमध कापला. चष्मा कपाळावर सरकवून दांडा डोळ्याजवळ नेला. दांड्यावर काळा, कडक थर बसला होता. नखानं खरवडला तर निघेना. "ये कोळसा हाय," चाचा म्हणाले. "तेलाचा कोळसा."

"घाण तेल."

"न्हाय रे. घाण असती तर दांड्यावर ओरखडे आले असते. तेल साफ हाय, जळालंय. आनि चालताना जळालं न्हाय. चालताना तेल वाहात असतंय, ते जळंपर्यंत थांबतंय कुठं? हे उभं राहून जळालंय. गरम टर्बो असताना कुणीतरी इंजन बंद करतंय. एकदा न्हाय, रोज."

घाट चढून आल्याबरोबर बंद करायचं न्हाय. माझ्या भाषणातलं शेवटचं वाक्य. परक्या, नाव-गाव माहीत नसलेल्या शेकडो ड्रायव्हरांना मी ते ओरडून सांगितलं होतं. दाजींना चहा पाजला होता.

पण दाजी घाटमाथ्यावर गाडी बंद कशाला करतील? चढ संपला की माणूस पुढं जातो. विचारणंही शक्य नव्हतं. 'तुम्ही गाडी कुठं बंद करता' असं दाजींना विचारणं म्हणजे उलटतपासणीच. मग मी आक्काकडून निरोप धाडला की पंप घाटात कसा चालतोय ते मला एकदा बघायचंय. दाजींनी हो म्हणून कळवलं.

सकाळी उचगावातून निघालो. बाजूच्या सीटवर त्यांनी माझ्यासाठी धुतलेला टॉवेल अंथरला होता. आदल्या आठवड्यात मी त्यांच्याबद्दल काय बोललो होतो, याचा उल्लेख जाताना नाही, येताना नाही. खाली गूळ उतरवला, चिरे भरले, नेहमीप्रमाणे जरा जास्तच भरले, आणि दुपार कलल्यावर चढ सुरू झाला.

बघून कुणीही शिकावं, अशी गाडी दाजी चालवत होते. गिअर असा टाकायचे की अंगाला कळायचं नाही. धूर काळा व्हायच्या आत पाय हलका. आणि इंजिन! मी जन्मभर इंजिनांचे आवाज ऐकले, पण माझ्याच हातानं लावलेला पंप भरलेल्या गाडीला घाट चढवताना मी कधी आत बसून ऐकला नव्हता. टर्बोची शिट्टी वळणावळणाला चढत होती. एका वळणावर आम्ही एका गाडीला मागं टाकलं. दाजींनी हात बाहेर काढला नाही, पण गालात हसले. मला वाटलं, हे सुख देणारा मी, आणि काढून घेणाराही मीच ठरणार की काय. दोघांच्या मधे इंजिनावरचं झाकण होतं. ते इतकं तापलं होतं की त्यावर ठेवलेली माझी चप्पल मऊ पडली.

शेवटचं वळण आलं. चढ संपला, आणि डाव्या हाताला रस्त्याकडेला देवीचं एक छोटं ठाणं होतं. चार दगड, पत्र्याचं छप्पर, शेंदूर. दाजींनी गाडी त्याच वेगात कडेला घेतली, ब्रेक ओढला आणि लगेच इंजिन बंद करायची मूठ खेचली.

सगळं शांत झालं. दाजींनी चपला गाडीतच काढल्या, नारळ घेतला आणि अनवाणी उतरले.

मी इंजिनावरचं झाकण उचललं. आतल्या अंधारात टर्बोचं घर चुलीतल्या निखाऱ्यासारखं लाल दिसत होतं. टिक, टिक असा आवाज येत होता आणि जळक्या तेलाचा वास. चाचांनी सांगितलेला कोळसा माझ्या डोळ्यांदेखत तयार होत होता. बाहेर दाजी डोळे मिटून हात जोडून उभे होते. मला वाटतं, ते त्या वेळी गाडीसाठीच मागत असतील.

परत येऊन त्यांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला.

हे त्यांना सांगायचं कसं, ते कोल्हापूर येईपर्यंत ठरलं नाही. हा थांबा त्यांचा वीस वर्षांचा होता. जुन्या गाडीला टर्बोच नव्हता, तिला काही झालं नाही. नव्या गाडीला कंपनीच्या मापात पहिलं वर्षभर काही झालं नाही, कारण कंपनीनं इंजिनात थोडी सोसायची ताकद शिल्लक ठेवलेली असते. मी लोकांना सांगायचो की इंजिनात कुणी काही लपवून ठेवलेलं नसतं. चुकीचं सांगायचो. ठेवलेलं असतं. एखाद्याच्या देवीसाठी, एखाद्याच्या आळसासाठी, एखाद्याच्या न समजण्यासाठी ठेवलेलं असतं. दाजींच्या वाट्याची ती शिल्लक मी घाटात पुढं जाण्यासाठी खर्च करून टाकली होती, आणि त्यांना कळवलंही नव्हतं.

पुढच्या खेपेला मी न विचारताच सकाळी उचगावात हजर झालो. "परत?" दाजी म्हणाले. "व्हय," मी म्हणालो. टॉवेल पुन्हा अंथरला गेला.

घाटमाथ्यावर गाडी कडेला लागली, ब्रेक ओढला गेला आणि दाजींचा हात मुठीकडे गेला. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. आयुष्यात मी दाजींचा हात असा धरला नव्हता.

"थांबा," मी म्हणालो. "बंद करू नका."

ते माझ्याकडं बघायला लागले. "देवीच्या दारात गाडी गुरगुरत ठिवायची?"

"टर्बो लाल झालाय दाजी. इंजन बंद केलासा की त्याचं तेल बंद. आतलं तेल जळतं. दोन टर्बो इथंच गेलं, ह्या दारात. तेल तुमचं चांगलंच हाय. मी खोटं बोललो."

दाजींनी हात मुठीवरून काढला. इंजिन आपल्या संथ आवाजात चालू राहिलं. मग त्यांनी विचारलं, "हे सगळ्यास्नी म्हाईत असतंय?"

"न्हाय. मी सांगतो सगळ्यास्नी."

"शिव्या घालून सांगतासा म्हणं."

"व्हय."

"मग मला का न्हाय सांगितलासा?"

"तुमी दाजी हाईसा म्हणून."

ते समोर ठाण्याकडं बघत होते. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "मला एक शिवी दिली असतीसा पावणं, तर दोन टर्बो वाचलं असतं की."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. तीन मिनिटं फार मोठी असतात, हे मला त्या दिवशी कळलं. दाजींनी सीटवर बसूनच हात जोडले. देवीला म्हणाले, "जरा दम खाऊ दे हिला, आई. आलोच." मग इंजिन बंद केलं, चपला काढल्या आणि नारळ घेऊन उतरले. त्या दिवशी मीही उतरलो.

त्याच आठवड्यात गाडी दुकानात आली. दाजी म्हणाले, "निम्मं काढा. दुसऱ्यावर चढली तरी पुरं. कधी इसरलो तर गाडीनं सोसाय पायजे." मी बरीच वर्षं या धंद्यात होतो, पण किती ताकद घ्यायची आणि किती शिल्लक ठेवायची याचा एवढा सरळ हिशेब कुठल्याच गिऱ्हाइकानं मला सांगितला नव्हता. मी सील कापलं, स्क्रू मागं फिरवला, नळ्या पुन्हा एका रेषेत आणल्या, सील मारलं. चहा सांगायला वळलो तर दाजी खुर्चीतून उठून उभे राहिले होते. गिऱ्हाइकं उभी राहतात त्या जागी, बेंचच्या पलीकडं.

"सांगा आता," ते म्हणाले. "सगळं सांगा. जसं त्यांना सांगतासा तसं."

मी सुरुवात केली. आवाज आधी खालीच होता. पिस्टनपर्यंत आलो, क्लचपर्यंत आलो, ब्रेकपर्यंत आलो, हळूहळू माझा नेहमीचा सूर लागला. चाचांनी लेथ थांबवला. शेवटच्या वाक्याला मी अडखळलो. दाजी वाट बघत उभे होते.

"दोन-तीन मिनटं नुसतं चालू ठिव, बेण्या," मी ओरडलो, "मग बंद कर!"

"आता ध्यानात ऱ्हाईल," दाजी म्हणाले, आणि खुर्चीत बसून पाणी मागितलं.

त्यानंतर घाटात काही गाड्या पुन्हा त्यांच्या पुढं जायला लागल्या. टाटाही झाले असतील. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. दोन हजार सालानंतर हळूहळू इंजिनात कॉम्प्युटर आले. माझ्या स्क्रूला आणि सहा नळ्यांना फारसं काम उरलं नाही. दाजींचे गुडघे दुखायला लागले आणि त्यांनी स्वतःच्या मर्जीनं गाडी विकायला काढली. तिसरा टर्बो तोवर चालूच होता.

घेणारा हातकणंगल्याकडचा होता. व्यवहार ठरला, किल्ली द्यायची वेळ आली. दाजींच्या अंगणात मी, आक्का आणि तो माणूस उभे होतो. त्यानं नारळ फोडला, गाडीत चढला. दाजी काठी टेकत टेकत दरवाजाजवळ गेले आणि त्याला सांगायला लागले. डिझेल वाढलं की उष्णता वाढते. क्लचप्लेट हाय तीच हाय. उतरताना कोण धरणार. माझं भाषण, शब्दन्‌शब्द, चढत्या आवाजात. आक्का माझ्याकडं बघायला लागली. माझ्या त्या मवाळ दाजींनी, ज्यांच्या तोंडून कुणी कधी वावगा शब्द ऐकला नव्हता, त्यांनी शेवटचं वाक्यही सांगितलं. शिवीसकट.